कार्बोरेटरचं ताट

"पाणी नको. आधी ताट आण," आण्णा म्हणाले.

मी तांब्या तसाच पडवीत ठेवला. माझे वडील, आण्णा, ओढ्यापासून आमच्या दारापर्यंत गाडी ढकलत आले होते. हँडलला विड्याच्या पानांची जुडी, पेढ्यांचा पुडा आणि झेंडूच्या हारांची पिशवी लटकत होती. खास त्या दिवसासाठी इस्त्री केलेला सदरा पाठीला चिकटला होता. मार्चातलं ऊन आणि आजऱ्याचे चढ, त्यात चौकातल्या रिकामटेकड्यांनी त्यांना सोडलं नव्हतं. "डॉक्टर, म्हस चालंना व्हय? इंजेक्शन द्या की तिला!" असं कुणीतरी ओरडलं होतं म्हणे. आण्णा जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होते, पण सगळा तालुका त्यांना डॉक्टरच म्हणायचा आणि ती जुनी टू-स्ट्रोक गाडी म्हणजे त्यांचा निम्मा दवाखाना होता.

दुपारी चारच्या एसटीनं हाळवाडीचे रेडेकर माझी सुपारी फोडायला येणार होते.

ताट म्हणजे आमचं कार्बोरेटरचं ताट. काठ चेपलेलं जर्मनचं जुनं ताट होतं ते. दर रविवारी आण्णा गाडीचा कार्बोरेटर खोलायचे आणि त्याचे भाग त्या ताटात पान वाढल्यासारखे मांडायचे. मिठाच्या जागी पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं मोठं जेट, चटणीच्या जागी धाकटं, कोशिंबिरीच्या जागी स्क्रू, भाजीच्या जागी फ्लोट आणि मधोमध, भाताच्या जागी, पॅकिंग. उलट जोडताना भात शेवटी उचलायचा, ताट रिकामं दिसलं म्हणजे काही राहिलं नाही. मी शाळा सोडल्यापासून त्यांच्या समोर बसून हे करत आले होते आणि गेली दोन वर्षं तर ते नुसते बसायचे, खोलायची मीच. त्यामुळे माझ्या नखांत काळं असायचं. त्या नखांपायी दोन स्थळं मोडली होती. एका बाईनं तर माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि "पोरगी लोहाराची काय?" असं तोंडावर विचारलं. आईनं त्या आठवड्यात मला लिंबाच्या साली चोळून चोळून हात धुवायला लावले होते.

बघायला आलेल्यांत एकट्या प्रल्हाद रेडेकरांनी हातांकडे बघून तोंड वाकडं केलं नव्हतं. ते हाळवाडीच्या दूध संस्थेत दुधाची तपासणी करायचे. आण्णांची ओळख तिथलीच. शुक्रवारी ते गाडी मागायला आले, कारण सुपारीसाठी त्यांच्या मामांना हुक्केरीकडून आणायचं होतं आणि त्या आडवाटेला एसटी नव्हती. त्या दिवशी गाडी कुरकुरत होती म्हणून मी अंगणात ताट मांडून बसले होते. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुमी खोलता व्हय? मग हे असं का मांडलंय, ते सांगा की." मी सांगितलं. ते हसले नाहीत. मीठ, चटणी, कोशिंबीर असं बोट ठेवत त्यांनी परत म्हणून दाखवलं आणि मग गाडी घेऊन गेले. त्या रात्री मी आईला सांगितलं, की जाईन तर याच घरी, ही सुपारी मोडली तर मला पुन्हा कुणाला दाखवू नका.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी गाडी परत आणून लावली. रविवारी सकाळी ती ओढ्याजवळ बंद पडली.

"पेट्रोल तर हाय," आण्णा घाम पुसत म्हणाले. "खोल बघू. काय अडकलंय ते बघू."

मी नव्या लुगड्याचा पदर खोचला. आई आतून ओरडली, "अगं, आज तरी हात घालू नगंस त्यात!" पण माझा हात तोवर गेला होता. मला कामाशिवाय एका जागी बसवतच नाही, आणि त्या दिवशी तर सकाळपासून मी घरात भिरभिरत होते. नळी काढली, दोन बोल्ट सोडवले, कार्बोरेटर हातात घेतला. खालची वाटी उघडली तर तळाशी काहीतरी चिकट बसलं होतं. मोठं जेट काढून उजेडात धरलं. भोक बंद होतं. आमच्याकडे वायरीतला तांब्याचा बारीक तंतू असायचा, सुई घालायची नाही, तिनं भोक रुंदावतं. तंतू घातला, तो आत जाईना. म्हणून नेहमीसारखं जेट ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं.

जिभेला गोड लागलं.

मी जेट हातात घेऊन तशीच बसले. पेट्रोलचा कडवट वास आणि त्याच्या मागून गोडपणा. पुन्हा जीभ लावली. साखर होती, शंकाच नको. गाडीच्या टाकीत साखर कोण घालतं आणि कशासाठी घालतं, हे त्या काळात चौकातल्या पोरांनाही ठाऊक होतं. निवडणुकीत एकमेकांच्या जीपांत घालायचे. ज्याचं वाटोळं करायचं त्याच्या टाकीत साखर.

"काय गं?" आण्णांनी विचारलं.

"कचरा हाय," मी म्हणाले. "मी करते साफ. तुमी आंघोळ करून घ्या."

पण आण्णा म्हशीच्या डोळ्यांतनं ताप ओळखणारा माणूस, त्यांना माझा आवाज कळला. त्यांनी टाकी सोडवली, घमेल्यावर धोतराचा तुकडा धरला आणि पेट्रोल त्यातून ओतलं. फडक्यात ओल्या साखरेचा लहानसा गोळा उरला. त्यात लाल झालेले तांदळाचे चार दाणे होते.

आई तेवढ्यात दारात आली होती. दाणे बघून तिनं पदर तोंडाला लावला. "कुंकू लावलेलं तांदूळ हायत ते. करणी केलीय वो कुणीतरी! माझ्या पोरीच्या सुपारीच्या दिवशी!"

आण्णांनी बोटानं दाणे उलटेसुलटे करून बघितले. काल गाडी परत आली तेव्हा टाकीच्या झाकणावर लाल डाग होता आणि तो त्यांनीच फडक्यानं पुसला होता, ते त्यांना आता आठवलं असणार. त्यांचा चेहरा हळूहळू तापत गेला.

"त्यो मामा," ते म्हणाले. "हुक्केरीचा परसू. त्याची पोरगी प्रल्हादला द्यायची हुती त्याला. भाच्यावर हक्क सांगतुया त्यो, मला हाळवाडीत दोघांनी सांगितलंय. गाडीवर बसूनच आला आणि हे करून ठेवलं."

"असंल नाही तर नसंल बी," मी म्हणाले.

"नसंल तर मग कुणी घातली? गाडी आपल्याकडनं गेली तवा चोख हुती. आली तवा अशी. त्या घरातनं आली."

त्यांनी तो साखरेचा गोळा वर्तमानपत्रावर घेतला, तुकडा फाडून तो ताटात मिठाच्या जागी ठेवला आणि म्हणाले, "ह्यो पुरावा. ह्याला हात लावू नगंस. चारला एसटी येऊ दे. दारातच विचारतो आणि तिथनंच माघारी लावतो समद्यांस्नी. असल्या घरात पोरगी देत न्हाई मी."

मला त्यांचा राग ठाऊक होता. दवाखान्यातल्या साहेबाशी एकदा वाजलं तेव्हा ते तीन महिने त्याच्याशी चिठ्ठ्या लिहून बोलले होते. समोर टेबल असून. एकदा तोंडातून गेलं की ते मागं घेणारा माणूस नव्हे. आणि मामाबद्दल ते म्हणत होते ते खरं असू शकत होतं. प्रल्हादांनी केलं नसेल, पण त्यांच्या घरात कुणी केलं असेल, तर मी तिथं जाऊन कुणाच्या हातचं काय खाणार होते?

आई देवापुढे बसली. आण्णा पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. स्वयंपाकघरात गेले तर पुरणाचा वास अंगावर आला, परसात गेले तर काय करायचं सुचेना. शेवटी मी पुन्हा ताटापुढे येऊन बसले. निदान गाडी तरी चालू व्हावी. आजारी जनावर आणि बंद गाडी समोर असली की आण्णांचा राग दुप्पट होतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

जेट पेट्रोलमध्ये बुडवलं, हलवलं, फुंकलं. काही फरक नाही. पुन्हा केलं. मग माझं मलाच हसू आलं. साखर पाण्यात विरघळते, पेट्रोलमध्ये नाही, एवढं कळायला नुसता चहा करता आला तरी पुरे. आईनं पाहुण्यांच्या चहासाठी पाण्याचं आधण आधीच ठेवलं होतं. त्यातलं तांब्याभर घेऊन आले.

"त्यात घालतीस? कार्बोरेटरात पाणी?" आण्णा थांबले.

"सुकवते की उन्हात."

ते पुन्हा फेऱ्या मारायला लागले. गरम पाण्यात जेट टाकलं, जराशानं उचलून फुंकलं, आणि पाण्याची बारीक धार पलीकडून सुटली. धाकटं जेट, वाटी, फ्लोटची सुई, सगळं तसंच धुतलं. टाकी फडक्यातून गाळलेल्या पेट्रोलनं विसळली आणि जागेवर बसवली. मग ताट अंगणात उन्हात नेऊन ठेवलं आणि राखायला बसले, कारण आमच्या कोंबड्यांना चकचकीत काही दिसलं की चोच मारायची खोड होती. मिठाच्या जागची साखर वाळायला लागली. मुंग्या ताटाच्या काठापर्यंत येत होत्या आणि वास घेऊन माघारी वळत होत्या. मी कोंबड्या हाकलत होते आणि रस्त्याकडे बघत होते. एसटी लवकर यावी असंही वाटत होतं आणि येऊच नये असंही.

एसटी वेळेवर आली.

मी घाईघाईनं कार्बोरेटर जोडला, गाडीला बसवला, आणि तेवढ्यात फाटकाशी माणसं दिसली म्हणून पडवीच्या दाराआड झाले. पुढे परसूमामा होते, लाल फेटा बांधलेले, धिप्पाड. त्यांच्या मागे प्रल्हाद पांढऱ्या सदऱ्यात, गावचे दोघं थोरले, आणि सगळ्यात शेवटी हौसाबाई, प्रल्हादांची आई. बारकुडी बाई, डोक्यावरून पदर, हातात खणानारळाची पिशवी. प्रल्हादांचे वडील दम्यामुळे घरीच राहिले होते.

"राम राम डाक्टर!" मामा म्हणाले.

आण्णांनी राम राम घेतला नाही. पायावर पाणीही दिलं नाही. ते ताट घेऊन पायरीवर उभे राहिले आणि ताट पुढे धरलं.

"हे काय हाय?"

सगळे बघायला लागले. "साखर दिसतीया," मामा म्हणाले.

"माझ्या गाडीच्या टाकीत सापडली. संगं कुंकवाचं तांदूळ. तुमच्याकडनं गाडी आल्यावर. ओढ्यापासनं ढकलत आणलीय मी ती, सगळ्या आजऱ्यानं दात काढलं. कुणी घातली, तेवढं सांगा, आणि मग माघारी जा. सुपारी फुटत न्हाई आज."

प्रल्हादांचा चेहरा पांढरा पडला. "आण्णा, माझ्यानं असं कधी..."

"तुमास्नी म्हणत न्हाई मी."

मामांनी फेटा मागे सरकवला. "मग कुणास्नी म्हणतासा? माझ्याकडं बघून बोलतासा ते कळतंय मला. मी काय चोरपावलानं दुसऱ्याच्या गाडीत..." त्यांचा आवाज चढला. थोरल्यांपैकी एकानं त्यांचा हात धरला. शेजारची दारं उघडली.

तेवढ्यात मागून हौसाबाई पुढे आल्या. त्यांनी ताटात वाकून बघितलं. त्यांना या सगळ्यात भांडणासारखं काय आहे ते कळलंच नव्हतं.

"मीच घातली की, पाव्हणं," त्या म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं माघारी देत न्हाई आमी. शेजारणीचा ताकाचा तांब्या असला तरी चिमूटभर साखर घालून देतो. मग एवढी गाडी दिली तुमी, माझा भाऊ घरापत्तूर आणून सोडला तिनं. तिला मोकळीच कशी धाडायची? पेरल्यादला म्हटलं तर त्यो घाईत, ऐकंना. मग त्यो आंघुळीला गेला तवा झाकण काढलं आणि घातली मूठभर. सुनंच्या घरची गाडी, तिची वटी भरल्यागत चार अक्षता बी घातल्या." त्यांनी एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. "तोंड तेच की तिचं? पंपावर तितंच तर घालत्यात."

पहिले हसले ते परसूमामा. पोट धरून हसले. "आक्का! इंजनाची वटी भरलीस व्हय गं! अगं, मेली की ती गाडी!" मग थोरले हसले, कुंपणाकडून शेजारी हसले. एवढा वेळ ताणलेलं सगळं एकदम सुटलं होतं आणि ते सगळं हौसाबाईंच्या अंगावर येऊन पडलं.

त्यांनी हसणाऱ्यांकडे बघितलं, मग अंगणातल्या गाडीकडे. "मोडली व्हय? माझ्यानं मोडली?" त्यांचा आवाज बसला. पिशवीतला नारळ पायरीवर ठक्कन आपटला. "ज्येच्यावर तुमचं पोट, ते मोडलं मी. पेरल्याद, चल बाबा. चल घरी. मला हितं हुबं ऱ्हावत न्हाई." आणि त्या खरोखरच फाटकाकडे वळल्या.

आण्णा ताट धरून उभे होते. करणी म्हणून ज्या साखरेवरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, ती कुणी कशासाठी घातली हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली होती, की थांबा म्हणायचंही सुचत नव्हतं. ती बाई फाटकातून बाहेर पडली असती तर पुन्हा त्या दारात आली नसती, हे मला दिसत होतं.

मी बाहेर आले. सुपारीच्या आधी मुलीनं सगळ्यांपुढे असं यायचं नसतं. आईनं मागून माझा पदर ओढला, तो मी सोडवून घेतला. टाकीत पेट्रोल ओतलं, कॉक उघडला, कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबलं आणि लुगडं सावरून किक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. मामांचं हसू थांबलं होतं. हौसाबाई फाटकाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पण त्यांचे कान इकडेच होते. मी तिसऱ्यांदा पाय उचलला आणि घामानं माझा पाय किकवरून निसटला. डोळ्यांत पाणी आलं. सगळं धुतलं होतं, सगळं सुकवलं होतं, मग आता काय?

"थांबा," प्रल्हाद म्हणाले.

ते आण्णांसमोर उभे होते. आण्णांच्या हातातल्या ताटाकडे बघत होते. "मीठ, चटणी, कोशिंबीर," ते पुटपुटले आणि बोट मधोमध आणलं. "भात राहिलाय की ताटात."

पॅकिंग. घाईत मी कार्बोरेटर पॅकिंगशिवायच बसवला होता आणि इंजिन बाजूनं हवा ओढत होतं. ती पातळ कागदी चकती त्यांनी दोन बोटांत उचलली आणि माझ्या हातात दिली. माझे हात काळे होते. ते त्यांनी बघितले आणि पाना पुढे केला. दोन बोल्ट सोडवले, पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले. किक मारली.

गाडी चालू झाली.

अंगणभर पांढरा धूर झाला. कोंबड्या उधळल्या. मी मूठ पिळली, आवाज चढला, उतरला, आणि मग एकसारखा पडायला लागला. फाटकाशी हौसाबाई वळल्या होत्या. पदर तोंडावर धरून त्या रडत होत्या की हसत होत्या ते धुरातून कळत नव्हतं.

आण्णांनी हातानंच मला खूण केली. मी गाडी बंद केली. ते ताट घेऊन पायऱ्या उतरले आणि फाटकापर्यंत चालत गेले. पेट्रोलनं भिजून वाळलेली ती साखर अजून मिठाच्या जागी होती. त्यांनी चिमटीत धरली, तोंडात टाकली आणि सगळ्यांदेखत चावून गिळली. त्यांच्या कपाळाच्या शिरा वर आल्या.

"विहीणबाई," ते म्हणाले. "गोड हाय. चला घरात."

त्या दिवसापर्यंत त्यांनी तो शब्द कुणासाठीच उच्चारला नव्हता. हौसाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आधी वाकून गाडीच्या टाकीला हात लावला, मग पायरीला. आईनं धावत जाऊन सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं.

थोरले आत सुपारी मांडत होते तोवर आण्णा मागच्या दारी मोरीवर वाकून चुळा भरत होते. मी तांब्या घेऊन उभी होते.

"सांगू नगंस कुणाला," ते म्हणाले आणि आणखी एक चूळ भरली.